सहाशे बारा ओळी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात माझ्याकडे काही काम असलं तर लोक आधी लांबून माझा चेहरा बघून जातात आणि मग ठरवतात, आज की उद्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट बरंच काम आपोआप टळतं.

मी कर्नलवर काम करते. यंत्राला वीज मिळाल्यापासून पडद्यावर पहिलं चित्र उमटेपर्यंत आत मोठी धावपळ चालते. कोण आधी उठणार, कोणाला किती मेमरी मिळणार, कोणी कोणाच्या जागेत पाय ठेवायचा नाही, हे सगळं बघणारा यंत्राचा गाभा म्हणजे कर्नल. आमची कंपनी लहान आणि बनवते एकच वस्तू: अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीशेजारी उभं राहून बाळाचा श्वास, ठोके आणि ताप मोजत राहणारं यंत्र. नवं यंत्र तयार होतं. तपासणी संस्थेचा माणूस शुक्रवारी येणार होता. आणि तीन आठवड्यांपासून ते यंत्र सुरू होताना मधूनच एक इशारा छापत होतं: असुरक्षित पान सापडलं.

पान म्हणजे मेमरीचा एक तुकडा. त्याचा नियम साधा आहे. ज्या पानावर लिहिता येतं, त्यावरचा मजकूर यंत्राने हुकूम म्हणून पाळायचा नाही. आणि जो मजकूर हुकूम म्हणून पाळायचा, त्या पानावर कोणाला लिहू द्यायचं नाही. एखाद्या पानाला दोन्ही मुभा मिळाल्या तर ते पान म्हणजे खाली सही करून ठेवलेला कोरा कागद. ज्याच्या हाती लागेल तो हवं ते लिहील आणि यंत्र मुकाट्याने ते करील. म्हणून सगळं सुरू झालं की कर्नल शेवटी एक पहारेकरी सोडतो. तो सगळ्या पानांवरून एक फेरी मारतो आणि असलं पान दिसलं की पत्त्यासकट बोंब मारतो. आमचा पहारेकरी दहातून तीनदा बोंब मारायचा आणि सातदा गप्प राहायचा. तपासणीवाल्यांना एक बोंब पुरे होती. एक ऐकली की यंत्र सहा महिन्यांसाठी परत.

आणि पत्ता दरवेळी एकाचाच निघायचा, गुपचूपच्या ड्रायव्हरचा.

गुपचूप म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. हे नाव त्याला कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला फार डोकं खाजवावं लागलं नसेल. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तर "हं" म्हणतो. त्याने दोन वर्षं खपून एक पट्टी बनवली होती. ती बाळाच्या चादरीखाली सरकवून ठेवायची. बाळाच्या अंगाला काही लावायचं नाही, पट्टी खालूनच ताप मोजते. ती पट्टी आणि कर्नल यांची गाठ घालून देणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, तोही त्याचाच. ही पट्टी का, हे त्याने एकदाच सांगितलं होतं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. त्याची मुलगी सातव्या महिन्यात झाली आणि चाळीस दिवस पेटीत होती. ताप मोजायचा चिकट तुकडा दर तीन तासांनी बदलायचा, आणि दरवेळी तिच्या पाठीची थोडी कातडी त्या तुकड्याबरोबर निघून यायची. "तिची आई बघत बसायची," एवढं बोलून तो चहा प्यायला लागला. ती मुलगी आता शाळेत जाते आणि बापाच्या वाटचंही बोलते.

तर अशा माणसावर मी तीन आठवडे तोफा डागत होते. सगळ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये मी लिहिलं होतं की सेन्सरवाल्यांनी आधी आपलं घर झाडून घ्यावं. त्यावर त्याचं उत्तर आलं, "बघतो." आणि तो खरंच बघत होता. त्याने आपला कोड चार वेळा उलटापालटा करून पाहिला, पण चूक काही सापडेना.

माझ्याकडे पुरावा होता ना! यंत्र सुरू होताना जे जे करतं त्याची ओळीओळीने नोंद ठेवतं, तिला आम्ही लॉग म्हणतो. बोंब मारलेला लॉग आणि गप्प बसलेला लॉग मी ताडून पाहिले होते. आता ओळींचा क्रम दरवेळी थोडा इकडचा तिकडे होतो, वेळा तर कधीच जुळत नाहीत, त्यामुळे सरळ ताडलं तर सगळंच वेगळं दिसतं. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. वेळा पुसून टाकायच्या, ओळी अक्षरांच्या क्रमाने लावायच्या, मग ताडायचं. निकाल स्वच्छ होता. सहाशे अकरा ओळी तंतोतंत सारख्या, आणि एकच ओळ जास्त, ती म्हणजे इशारा. इशाऱ्यात पत्ता कोणाचा? गुपचूपचा. संपलं.

सोमवारी मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सगळ्यांना बोलावलं. "गुरुवारी अकराला परत बसू. तोवर कारण सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर पट्टीचा ड्रायव्हर काढायचा, जुने चिकट तुकडे लावायचे आणि यंत्र तपासणीला द्यायचं. पट्टीचं पुढच्या यंत्रात बघू."

पुढचं यंत्र म्हणजे किमान तीन वर्षं, हे खोलीतल्या खुर्च्यांनाही माहीत होतं. गुपचूप "हं" म्हणाला. आणि मी म्हणाले, "दुसरा इलाजच नाही." हे मीच म्हणाले.

मंगळवारपासून मी घरून काम करणार होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि नवरा नेमका कामासाठी परगावी. यंत्राचा बोर्ड मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर मांडला. तारा, छोटा पडदा, मीठ-मिरपूड बाजूला सरकवलेली. समोरच्या कोचावर सासूबाई, एका डोळ्यावर पांढरं कवच, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, तोवर त्यातून सगळं धुक्यातलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, वाचायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींना त्यांनी मान डोलावली होती. तिसरी ऐकल्यावर डॉक्टरांकडे असं बघितलं, की त्या बिचाऱ्याने दोन आठवड्यांचे दहा दिवस केले.

त्यांनी एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. दोन जणांनी बसायचं, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. अजूनही औषधाच्या बाटलीवरचा कागद त्या पेन्सिल घेऊन वाचतात. मंगळवारी दुपारपर्यंत त्यांनी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या माणसाच्या सात चुका काढल्या आणि रेडिओ बंद केला.

"सूनबाई, काहीतरी वाचून दाखव गं."

"आई, मला मरायला फुरसत नाही."

"मग तू जे वाचतेयस तेच वाच. नाही तरी मघापासून ओठ हलतायत तुझे."

मी खवळलेच होते. म्हटलं, ऐकायचंय ना, ऐका. पाच मिनिटांत घोरायला लागतील. आणि बोंब मारलेला लॉग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. "कर्नल सुरू. मेमरी मोजली, इतकी इतकी, वगैरे वगैरे. पहिला प्रोसेसर जागा..."

"वगैरे छापलंय तिथे?"

"नाही."

"मग कशाला म्हणतेस? आकडे वाच. कंस आला तर कंस म्हण, टिंब आलं तर टिंब म्हण. आणि सुरुवातीला काहीतरी खातेयस दरवेळी."

"त्या वेळा आहेत आई, सेकंद. त्यांना काही अर्थ नाही."

"अर्थ आहे की नाही ते नंतर. छापलंय ना?"

झालं. कंस, शून्य टिंब चार एक सहा, कंस पुरा. मी वाचत होते आणि घोरणं राहिलं बाजूला, सासूबाई ताठ बसल्या होत्या. चाळिसाव्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"याची मूळ प्रत कुठाय?"

"मूळ प्रत नसते. बरोबर आलेला एक लॉग आहे, पण तो ताडून झालाय."

"कोणी वाचला?"

"वाचला नाही. प्रोग्रामने ताडला."

"म्हणजे कोणीच नाही वाचला," सासूबाई म्हणाल्या. "काढ. एक ओळ त्याची वाच, एक ओळ याची. पहिल्यापासून."

सहाशे अकरा आणि सहाशे बारा ओळी! मी नाही म्हणणारच होते. पण तीन आठवडे मी काय वेगळं करत होते? त्याच त्या दोन-चार ओळी गाळून घेऊन त्यांच्याकडे डोळे वटारत बसले होते. आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू करत होते, जणू कधीतरी कंटाळून तोच कबूल होईल. मी खुर्ची कोचाजवळ ओढली.

पहिली चूक अठ्ठावन्नाव्या ओळीला लागली. बरोबरच्या लॉगमध्ये घड्याळ आधी, पंखा मागून. दुसऱ्यात पंखा आधी.

"हुकली," सासूबाई म्हणाल्या. "ओळ खाली गेलीय."

"ते चालतं आई. दोघं एकदमच उठतात, कधी हा पुढे, कधी तो."

"चालतं की नाही ते मागाहून ठरवू. लिही."

मी औषधांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं: एक, घड्याळ-पंखा. मग दोन, पडद्याचा दिवा. तीन, आवाजाची कळ. संध्याकाळी चहाला थांबलो तेव्हा तीनशे ओळी झाल्या होत्या, माझा घसा बसला होता, आणि सासूबाईंचा चेहरा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच खुलला होता. मला म्हणाल्या, "तुझं वाचन वाईट नाही. टिंबाला जरा घाई करतेस." आमच्या ऑफिसात गेल्या वर्षभरात माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

बुधवारी दुपारी जेवण उरकून पुन्हा बसलो. चिठ्ठीवर आठ अदलाबदली झाल्या. आठही मी "चालतं" म्हणून उडवून लावल्या, आणि आठही त्यांनी मला लिहायला लावल्या. पाचशे ब्याण्णवाव्या ओळीला मी बरोबरच्या लॉगमधून वाचलं, "सफाई पूर्ण, अठ्ठावीस पानं मोकळी." आणि दुसऱ्यातून वाचलं, "पहारेकऱ्याची फेरी सुरू."

"हुकली. त्यातली सफाई कुठे गेली?"

मी खाली शोधलं. फेरी सुरू, मग इशारा, मग फेरी संपली, आणि त्याखाली सफाई पूर्ण. "तीन ओळी खाली आहे. चालतं ते. लिहिते, नऊ..."

"ही सफाई कसली गं?"

"ड्रायव्हर उठतो ना, तेव्हा त्याला सुरुवातीपुरतं थोडं सामान लागतं. एकदा तो उभा राहिला की ते सामान कधीच लागत नाही. मग कर्नल सवडीने ती पानं काढून टाकतो."

"म्हणजे नव्या घरात सामान लावलं की रिकामी खोकी फेकायची, तसं."

"तसंच."

"आणि फेकेपर्यंत ती खोकी उघडीच पडलेली असतात?"

"हो, म्हणजे तेवढा वेळ त्या पानांवर लिहिताही येतं आणि तिथला हुकूम यंत्र पाळतही..."

माझं वाक्य तिथेच राहिलं.

सासूबाईंना माझा चेहरा दिसत नव्हता, पण गप्प बसलेली सून त्यांना नवीन होती. "काय झालं?"

"आई, पहारेकरी खोकी उचलायच्या आधीच आलाय."

"तेच तर म्हणतेय मी मघापासून. ओळ खाली गेलीय."

मी टेबलाशी धावले. तीन आठवड्यांचे लॉग साठवलेले होते. बोंब मारलेले बेचाळीस, एकेक उघडून पाहिला. बेचाळीसच्या बेचाळीस लॉगांमध्ये सफाई फेरीनंतर. गप्प बसलेले उघडले, सगळीकडे सफाई आधी. एकही अपवाद नाही. तीन आठवड्यांपूर्वीच यंत्रात बसवलेला पट्टीचा ड्रायव्हर सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत शेवटी उठणारा, म्हणून त्याची खोकी सगळ्यांत शेवटी निघायची. उशीर झाला की दारात तीच पडलेली दिसायची, आणि पहारेकरी त्याच पत्त्यावर बोंब मारायचा. ड्रायव्हरमध्ये काहीच वाईट नव्हतं. ती पानं डोळ्याची पापणी लवायच्या आत जाणारच होती. आणि मी, अतिशहाणीने, ओळी अक्षरांच्या क्रमाने लावून आधी-नंतर हा एकमेव पुरावाच पुसून टाकला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी हसायला लागले. इतका आनंद झाला होता की बोर्डाला मिठी मारावीशी वाटली. मग एक प्रश्न डोक्यात आला आणि हसू आवरलं. पहारेकऱ्याने सफाई होईपर्यंत थांबायला हवं, हे काही आजचं ज्ञान नाही. कर्नलमध्ये त्यासाठी ओळ असते. आमच्यात ती का नव्हती?

कर्नलच्या कामात एक चांगली आणि भयंकर गोष्ट आहे. प्रत्येक ओळ कोणी घातली, कोणी काढली, कधी आणि का, हे सगळं नावासकट जपलेलं असतं. मी इतिहास उघडला. सात महिन्यांपूर्वी कोणीतरी ती ओळ काढली होती. खाली कारण लिहिलं होतं: उगाच थांबवणारी ओळ काढली, यंत्र लवकर सुरू होईल.

"सापडला का गं चोर?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडला."

"कोण?"

"मी."

मग सासूबाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग कवचावर हात दाबून धरत, "अगं, डॉक्टरांनी... हसवू नकोस गं... डोळा..." त्यांना बघून मलाही राहवेना. सात महिन्यांपूर्वी यंत्र सुरू होण्याचा वेळ मी नऊ सेकंदांवरून सातवर आणला, तेव्हा टाळ्या झाल्या होत्या, केक कापला होता, आणि मी केकसमोर उभी राहून भाषणही ठोकलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणतात ना, ती मीच. बरं, त्या ओळीने वाचलेला वेळ मी मोजला. सेकंदाचे पंचवीस भाग करा, त्यातला एक.

खरं सांगायचं तर हसून झाल्यावर एक मोह झालाच. ओळ परत घालायची आणि "वेळेचा काही घोळ होता, मिटवला" एवढंच लिहायचं. कोणी विचारलंही नसतं. पण त्या मेलचे शब्द मला पाठ होते, आणि गुपचूपचं ते "बघतो"सुद्धा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

ओळ परत घातली. मग बोर्ड दोनशे वेळा आपोआप बंद-चालू करायला लावला. सासूबाई कोचावरून मोजत होत्या. मी फक्त "गप्प" म्हणायचं आणि त्यांनी आकडा म्हणायचा. गप्प, सत्याण्णव. गप्प, अठ्ठ्याण्णव. मध्ये एकदा मी शिंकले तर दोघींच्या काळजात धस्स झालं. दोनशेवा "गप्प" झाला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मी त्यांचे दोन्ही हात धरून नाचणार होते, पण डॉक्टरांची आठवण झाली, म्हणून एकटीच टेबलाभोवती नाचले. त्या टाळ्या वाजवत होत्या, धुक्यातल्या डोळ्याने जेवढी सून दिसेल तेवढी बघत.

मग बदलाची नोंद लिहायला बसले. आमच्याकडे नोंदीच्या शेवटी काही ठरलेल्या ओळी लिहायच्या असतात. चूक कोणत्या बदलामुळे झाली, ती कोणी शोधली, दुरुस्ती कोणाची. पहिल्या ओळीत माझाच तो सात महिन्यांपूर्वीचा बदल लिहिला. दुसरीशी थांबले.

"आई, तुमचं पूर्ण नाव लिहितेय इथे."

"कशाला?"

"चूक शोधली कोणी, ते लिहावं लागतं."

"काहीतरीच. प्रूफ तपासणाऱ्याचं नाव नसतं कुठे. एवढी पुस्तकं गेली हाताखालून, एकातही नाही."

"आमच्यात असतं. आणि एकदा लिहिलं की कोणाला काढता येत नाही."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "लिहिलंस तर मला वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. टिंबांसकट.

गुरुवारी सकाळी नवरा आला, त्याच्या हाती आई सोपवली आणि मी ऑफिस गाठलं. गुपचूप आधीच मीटिंगच्या खोलीत बसला होता. त्याच्यासमोर टेबलावर पुठ्ठ्याचा एक डबा. डब्यात जुने चिकट तुकडे होते, गोल, पिवळट, नाण्याएवढे. स्वतःच भांडारातून काढून आणले होते त्याने.

मॅडम आल्या. "ड्रायव्हर काढलेली प्रत तयार आहे का?"

"आहे," गुपचूप म्हणाला. "मीच काढलाय. दुसऱ्या कोणी काढला असता तर काहीतरी अर्धवट राहिलं असतं."

मी उभी राहिले. "मॅडम, त्याआधी दोन मिनिटं." आणि मोठ्या पडद्यावर नोंद लावली. "चूक ड्रायव्हरची नाही. कधीच नव्हती. चूक माझी आहे. सात महिन्यांपूर्वी मी एक ओळ काढली, आणि तीन आठवडे त्याचं खापर याच्या डोक्यावर फोडत होते." मग पहारेकरी, सफाई, खोकी, सगळं सांगितलं. प्रोग्राम लिहून पुरावा कसा पुसला तेही सांगितलं. मागे कोणीतरी हसू दाबलं. दाबायची गरज नव्हती, मीच हसत होते.

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. "तीन आठवडे?"

"हो."

"एका ओळीसाठी?"

"हो मॅडम."

"आणि चूक शोधली या बाईंनी. या कोणत्या विभागात असतात?"

"आमच्या कोचावर. माझ्या सासूबाई आहेत, छापखान्यातून रिटायर झाल्यात."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अर्धवेळ येतील का, विचारा त्यांना." मग कागद गोळा करता करता, जणू काही किरकोळ सांगायचं राहून गेलं होतं अशा आवाजात म्हणाल्या, "ड्रायव्हर राहू दे. उद्या हेच यंत्र दाखवायचं, पट्टीसकट."

गुपचूप उठला. चेहऱ्यावर काही नाही. डबा काखेत मारला आणि खोलीबाहेर गेला. मी त्याच्या मागे धावले. माफी मागायची होती आणि ती सगळ्यांसमोर नव्हती मागायची.

तो व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी उभा होता. डबा खिडकीत ठेवलेला, हातात फोन, पडद्यावर त्याच्या बायकोचं नाव, आणि अंगठा नुसता वर धरलेला.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "ते मेल मी लिहायला नको होतं. आजच सगळ्यांना दुसरं लिहिते."

"हं."

"रागावला असशील तर बोल बाबा. तू बोलत नाहीस, त्याची जास्त भीती वाटते."

त्याने मान हलवली. फोनकडेच बघत होता.

"कर की फोन तिला. सांग, पट्टी राहिली म्हणून."

"काय सांगू?" तो म्हणाला. "काढणार होते हेच तिला माहीत नाही. तीन आठवडे घरी सांगतोय, सगळं छान चाललंय. पट्टी निघणार म्हटलं असतं तर..." तो थांबला. "तिला नसतं सांगता आलं मला."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दोन वर्षं खपून केलेली गोष्ट वाचली होती, आणि या माणसाला ती आनंदाची बातमी द्यायला घरात एक माणूस उरलं नव्हतं, कारण वाईट बातमी त्याने कोणाला दिलीच नव्हती. आधी त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तो हसला. मी त्याला इतक्या वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं. चांगला मोठा, खर्जातला आवाज होता. हसता हसता डोळे भरून आले तरी त्याने पुसले नाहीत.

"पण कोणाला तरी सांगायला तर पाहिजे ना," तो म्हणाला. फोन खिशात टाकला, शर्ट नीट केला, आणि मी जणू आत्ताच कुठूनतरी आले आहे, मला काहीच माहीत नाही, असा माझ्यासमोर उभा राहिला.

"अगं, ऐकलंस का? पट्टी काढत नाहीयेत. राहतेय!"

"काय सांगतोस!" मी इतक्या जोरात ओरडले की मीटिंगच्या खोलीतून सगळे धावत बाहेर आले.